मुलांना टेकडीवर न्यायचंय? शाळा आणि गटांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडल्या की आणि दिवाळीनंतर सहलींचे बेत सुरू झाले की आम्हाला तेच ते फोन येतात. 'आम्ही' म्हणजे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर वर्षानुवर्षं जाणारी चार-सहा माणसं. दोन निवृत्त शिक्षिका आहेत, एक बँकेतले काका आहेत, बाकीचे असेच. आम्ही वनखात्याचे नाही आणि कुठल्या संस्थेचेही नाही. उत्तरं वेताळ टेकडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, पण तळजई किंवा बाणेर-पाषाणच्या टेकडीलाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

टेकडी नेमकी कुणाची? परवानगी कुणाकडे मागायची?

टेकडी एका मालकाची नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मोठा भाग वनखात्याचा आहे, सरकारी कागदांत तो भांबुर्डा वन म्हणून येतो. काही जमीन महापालिकेची, काही संस्थांची, काही खासगी. त्यामुळे आधी वाट ठरवा. वाट ठरली की जमीन कुणाची ते कळतं.

आई-बाबा आणि चार मुलं फिरायला गेली तर कुणी अडवत नाही. शाळेचा वर्ग न्यायचा तर मात्र मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावाने द्या. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. पत्रात तारीख, वेळ, मुलांची संख्या, कुठून चढणार आणि कुठे उतरणार, बरोबर मोठी माणसं किती आणि एक चालू फोन नंबर एवढं पुरे. 'विद्यार्थ्यांमध्ये पर्यावरणाविषयी जाणीव जागृती व्हावी या उदात्त हेतूने' वगैरे लिहायची गरज नाही.

पत्र देऊन झालं की त्या भागाच्या वनरक्षकाला प्रत्यक्ष भेटा. कुठल्या झाडावर आग्या मोहोळ बसलंय, कुठे गवत जळलंय, कुठली वाट पावसात खचलीय, हे त्यालाच माहीत असतं. ऑफिसातल्या कागदावर ते सापडत नाही.

एका वेळी किती मुलं आणावीत?

पंचवीस, फार तर तीस. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि पहिली-दुसरीची मुलं असतील तर दर सहांमागे एक.

हा आकडा आम्ही ठोकर खाऊन शिकलोय. पहिल्याच वर्षी एका शाळेची ऐंशी मुलं एकदम घेऊन गेलो होतो. पुढची मुलं पठारावर पोचली तेव्हा मागची अजून चढावरच होती. पुढे काय बोललं जातंय ते मागे ऐकू येत नव्हतं, आणि मागे काय चाललंय ते पुढे कळत नव्हतं. उतरल्यावर मोजलं तर एकोणऐंशी. वीस मिनिटं आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पठ्ठ्या बुटाची नाडी बांधायला एका दगडावर बसला होता, रांग पुढे गेली आणि त्याने भलतीच पायवाट धरली. सकाळी फिरायला आलेल्या एका आजोबांनी त्याला हाताला धरून आणलं. मुलगा अजिबात घाबरलेला नव्हता, आमचेच पाय लटपटत होते.

तेव्हापासून जोड्या लावतो. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हिशेब द्यायचा. चढताना, पठारावर, परत निघताना आणि खाली अशी चार वेळा मोजणी. सगळ्यांत शेवटी चालणारं माणूस ठरलेलं असतं आणि त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही.

शाळेत तीन तुकड्या असतील तर तीन वेगवेगळे दिवस घ्या. एका बसच्या भाड्यात सगळे उरकावेत हा मोह आम्हाला कळतो, पण त्याला 'हो' म्हणणं आम्ही सोडून दिलंय.

वेताळ, तळजई की आणखी कुठे?

पाचवीच्या पुढच्या मुलांना वेताळ टेकडी. शहरातल्या उंच टेकड्यांपैकी ही एक, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. आकडा मोठा वाटला तरी पुणंच साडेपाचशे मीटरच्या वर वसलेलं असल्याने चढ तेवढा नाही. लॉ कॉलेज रस्ता, गोखलेनगर, पंचवटी, चतुःशृंगी, कोथरूड अशा सगळ्या बाजूंनी वाटा आहेत. मेट्रोने येणाऱ्या गटाला नळ स्टॉपला उतरून लॉ कॉलेज रस्त्याने चालत येता येतं. मुलांना मेट्रोचं अप्रूप असतं, ते वेगळंच.

लहान मुलांना तळजई बरी. चढ सौम्य आहे आणि वाटा रुंद आहेत. पाणपक्षी पाहायचे तर पाषाण तलाव. एकच वर्ग असेल आणि हाताशी दोनच तास असतील, तर शाळेच्या सगळ्यांत जवळची टेकडी निवडा. जवळ असेल तर पुन्हा जाणं होतं.

'पुन्हा' म्हणजे? एकदा जाऊन भागत नाही का?

नाही भागत. वर्षातून एकदा शंभर मुलांची सहल काढण्यापेक्षा त्याच पंचवीस मुलांना वर्षात चारदा एकाच जागी न्या. आमचा आग्रह खरं तर एवढाच आहे, बाकीची उत्तरं सोयीसाठी.

पहिल्या खेपेला मुलं नुसती हुंदडतात. हुंदडू द्यावं. दुसऱ्या खेपेला 'तो दगड कुठेय, इथे मागच्या वेळी पाणी होतं ना?' असं विचारायला लागतात. तिसऱ्या खेपेला एखादं पोर आपणहून सांगतं की या झाडाची पानं गेल्या वेळी होती, आता नाहीत. हे कुठल्याही माहितीफलकावर लिहून साधत नाही. प्रत्येक जोडीला एक झाड नेमून द्या. नाव माहीत नसलं तरी चालेल. दर खेपेला त्याच झाडापाशी दहा मिनिटं बसायचं आणि वहीत काढायचं.

कोणत्या महिन्यात काय दिसतं?

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात तेव्हा पहिल्या पावसाने माती नुकती भिजलेली असते आणि मृगाचे किडे बाहेर पडतात. लाल मखमलीचं बटण चालायला लागावं तसे. आठ पाय मोजायला सांगा, म्हणजे हा 'किडा' कीटकांत बसत नाही, कोळ्याच्या गोतावळ्यातला आहे, हे मुलं स्वतःच शोधून काढतात. पावशा पक्ष्याचं 'पेर्ते व्हा' याच सुमाराला ऐकू येतं. नशीब असेल तर नवरंगाची शीळ.

जुलै-ऑगस्टमध्ये टेकडी हिरवीगार असते, पण वाटा निसरड्या होतात. मोठ्या पावसाच्या दिवशी बेत रद्द करा, त्यात कमीपणा नाही. सप्टेंबर म्हणजे फुलं: तेरडा, कुर्डू, केना, आणि कुठेतरी कळलावी. कळलावी दिसायला देखणी आणि मुळापासून विषारी, तेव्हा हात लावायचा नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आमचा आवडता काळ. गवत कमरेएवढं आणि सोनेरी झालेलं असतं. हिवाळी पाहुणे पक्षी येऊ लागतात. शेपटी सतत थरथरवणारा थिरथिरा एकदा दाखवला की मुलं नाव विसरत नाहीत. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. शाळेला निमित्त हवं असेल तर ते घ्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा फुलतात. याच वेळी गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरलेली झाडं दिसतील आणि त्यांना पुण्याची 'चेरी ब्लॉसम' म्हणून फोटो फिरतील. ती गिरिपुष्पाची झाडं, त्यांच्याविषयी पुढे. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत खाली उतरा. एप्रिलमध्ये शाळेचे गट आम्ही नेत नाही.

मेच्या मध्यावर सोसायटीच्या मुलांना मात्र एका गोष्टीसाठी न्या: पुण्यात शून्य सावलीचा दिवस तेव्हा येतो. भर दुपारी टेकडीवर जायची गरज नाही, सोसायटीच्या गच्चीवर काठी उभी करून सावली नाहीशी होताना पाहता येते.

तिथे जाऊन करायचं काय? आम्हाला झाडांची नावं येत नाहीत.

हे बहुतेक शिक्षक दबक्या आवाजात विचारतात. नावं न येणं ही अडचण नाही. नाव सांगितलं की मुलं वहीत लिहितात आणि बघायचं थांबवतात, असा आमचा तरी अनुभव आहे. तीन गोष्टी सांगतो, तिन्हींना खर्च जवळजवळ नाही.

कुसळ. ऑक्टोबरनंतर मुलांचे पायमोजे कुसळांनी भरतात आणि रडारड होते. तेच एक कुसळ काढून तळहातावर ठेवा आणि त्यावर थेंबभर पाणी सोडा. पिळदार शेपटी ओली होते आणि कुसळ हळूहळू गोल फिरायला लागतं. जिवंत आहे असं वाटून मुलं हात झटकतात. मग सांगा, बी मातीत असंच स्वतःला पिळत पिळत शिरतं. पायमोज्यात ते का घुसलं, हे वेगळं समजवावं लागत नाही.

पत्र्याचा डबा. वरचं-खालचं दोन्ही झाकण कापलेला, कडा बोथट केलेला डबा न्या. एकदा पायवाटेवरच्या तुडवलेल्या मुरमावर आणि एकदा गवताच्या मुळांपाशी तो दोन बोटं आत दाबा. दोन्हीकडे सारखंच, तांब्याभर पाणी ओता आणि घड्याळ लावा. गवताजवळ पाणी बघता बघता जिरतं, वाटेवर मुलं कंटाळतात तरी ते तसंच उभं असतं. नववी-दहावीच्या जलसुरक्षा विषयाचा एक अख्खा धडा या डब्यात बसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर दक्षिण पुण्यातल्या मुलांच्या घरी अजून बोलला जातो. डोंगरउतारावर पाणी जिरलं नाही तर ते कुठे जातं, हा प्रश्न मग मुलंच विचारतात.

तिसरी गोष्ट म्हणजे खाण. टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत कापलेला कातळ उघडा दिसतो. हा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपल्या वाड्यांचे जोते आणि पायऱ्या याच दगडाच्या. दुरून बघा, वहीत काढा. काठावर जाऊ नका. खाणीत पाणी असतं आणि त्याच्या खोलीचा भरवसा नाही. तिथे मुलांची रांग काठापासून दहा पावलं आत थांबवतो आणि त्यावर वाद घालत नाही.

पाचवीपर्यंतच्या शिक्षकांना परिसर अभ्यासात हे सगळं कुठे बसवायचं ते आम्ही सांगायला नको.

आम्हाला वृक्षारोपण करायचंय. रोपं तयार आहेत.

जरा थांबा. वर्षातला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि आमच्या उत्तराने सगळ्यांत जास्त लोक नाराज होतात.

टेकडी उघडी दिसते म्हणून ती ओसाड आहे असं नाही. आपल्याकडच्या कमी पावसाच्या उतारांवर गवत, मधूनच खैर, हिवर, सालई, मोई, बोर, पाचुंदा, हेंकळ अशी विरळ झाडं-झुडपं हाच मूळचा थाट. चंडोल आणि तित्तिर याच गवतात जमिनीवर घरटी करतात. गवत खोदून तिथे खड्डे घेतले तर आपण एकाचं घर मोडून दुसऱ्याचं बांधतो, आणि ते दुसरं घर बहुधा मार्चपर्यंत वाळून जातं.

पूर्वी टेकड्या झटपट हिरव्या करायच्या म्हणून गिरिपुष्प लावलं गेलं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं झाड, फांदी खोचली तरी रुजतं. गावाकडे त्याला उंदीरमारी म्हणतात, त्यावरूनच काय ते समजा. हिरवं झालं खरं, पण त्याच्या दाट रानात जाऊन खाली वाकून बघा. देशी झाडाचं पोर क्वचितच दिसेल. पक्ष्यांच्या आवाजातला फरक तर दहावीतल्या मुलीने आम्हाला दाखवून दिला. तिने पाच-पाच मिनिटं दोन ठिकाणी डोळे मिटून बसून आवाज मोजले होते.

म्हणून: वनखात्याने सांगितलेली जागा, त्यांनी सुचवलेली देशी झाडं, आणि पुढची तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालायची तयारी, हे तिन्ही असेल तरच रोप घेऊन या. गुलमोहर, सप्तपर्णी, अशोक टेकडीवर नकोत. तयारी नसेल तर आहे त्या रोपांना आळी करून द्या, पालापाचोळा घाला, पाणी वाहून न्या. एका कंपनीच्या गटाला आम्ही हे सुचवलं तेव्हा 'यात फोटो चांगला येत नाही' असं उत्तर मिळालं होतं. खरंच आहे, येत नाही.

'सीड बॉल', म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, फेकण्याबद्दलही तेच. कुठलं बी, कुठे पडतंय, हे ठाऊक नसताना फेकू नका.

साप असतात ना?

असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप पुण्याच्या परिसरात आहेत, आणि बिनविषारी धामण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसते. वाटेवरून चाला, दगड उलथू नका, बिळात काठी घालू नका, बूट घाला. साप दिसला तर थांबा आणि त्याला जाऊ द्या.

दंश झालाच तर: मुलाला झोपवा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असं करा, अंगठी-कडं-बूट काढा, १०८ ला फोन करा आणि ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात न्या. कापायचं नाही, चोखायचं नाही, वर दोरीने आवळायचं नाही. साप मारून बरोबर न्यायचीही गरज नसते.

सापापेक्षा आम्ही मधमाश्यांना जास्त घाबरतो. आग्या मोहोळाखाली आरडाओरडा, धूर आणि दगड यांतलं काहीही नको, आणि त्या दिवशी अत्तर-डिओ घरीच ठेवा. माश्या उठल्याच तर मुलांना एका दिशेने लांब पळवा. गाजर गवताची किंवा डंखाची ॲलर्जी कुणाला आहे, दमा कुणाला आहे, हे पालकांच्या संमतीपत्रात आधीच विचारून घ्या आणि ज्याचा इनहेलर आहे त्याने तो दप्तरात नव्हे, खिशात ठेवायचा.

भटक्या कुत्र्यांसमोर डबा उघडू नका. बिबट्याची बातमी आली असेल तर वनरक्षकाला विचारा. काही वावगं दिसलं तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे.

बरोबर काय आणायचं?

दर मुलामागे किमान एक लिटर पाणी, टोपी, पूर्ण पँट, जुने बूट, वही-पेन्सिल. खायला पोळीचा रोल, दशम्या, शेंगदाण्याचा लाडू. वेफर्सची पाकिटं नकोत, त्यांचे कोपरे कापले जातात आणि ते तिथेच राहतात. शिक्षकांच्या पिशवीत जलसंजीवनी, पट्ट्या, क्रेप बँडेज, जंतुनाशक आणि काटे काढायला चिमटा. चिमटा लागतोच.

वर स्वच्छतागृहाचा भरवसा धरू नका. निघण्याआधी शाळेतच सगळ्यांना जाऊन यायला सांगा. मोठ्या मुलींच्या गटाबरोबर बाई हवीच, आणि पिशवीत पॅडही हवेत.

आम्ही कचरा गोळा करायला येऊ का?

या. पण सगळ्यात जास्त काचा सापडतात, आणि फुटलेल्या बाटल्या मुलांनी उचलायच्या नाहीत. मोठ्यांनी जाड हातमोजे घालून उचलाव्यात, मुलांनी प्लॅस्टिक. पोती खाली कोण आणि कुठे नेणार हे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाशी आधीच बोलून ठेवा. नाहीतर भरलेली पोती वाटेच्या कडेला आठवडाभर पडून राहतात आणि कुत्री ती फाडतात. एकदा आमच्याकडूनच असं झालंय.

वाढदिवस, शेकोटी, स्पीकर, ड्रोन?

नाही. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतात एक ठिणगीही पुरते. वणवा दिसला तर मुलांना आधी वाऱ्याच्या उलट बाजूने खाली उतरवा, मग फोन करा. विझवायला धावू नका.

ज्येष्ठ नागरिक संघ किंवा चालायला त्रास असलेली मुलं येऊ शकतात का?

वेताळ टेकडीवर चाकाची खुर्ची नेणं अवघड आहे, उगाच 'जमवू' म्हणणार नाही. त्यांच्यासाठी एम्प्रेस गार्डन चांगलं: वाटा सपाट, जुने मोठे वृक्ष, बसायला जागा. तिकीट आहे. ज्येष्ठांच्या गटांना मात्र आमची वेगळी विनंती असते. शाळेच्या मुलांबरोबर या. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथे काय होतं, गुरं कुठे चरायची, करवंदं कुठे मिळायची, हे तुम्ही सांगितलंत की मुलं आमच्यापेक्षा तुमचंच ऐकतात.

जे दिसलं त्याची नोंद कुठे करायची?

पक्ष्यांसाठी ईबर्ड, बाकी सगळ्यांसाठी आयनॅचरलिस्ट, ही दोन ॲप. खातं शिक्षकांच्या नावाने काढा, मुलांच्या नव्हे. मुलांचे चेहरे असलेले फोटो टाकू नका. घरट्याचा फोटो जागेसकट तर नकोच. शाळेत एक साधी वही ठेवा, दर खेपेला तारीख घालून लिहा. पाच वर्षांनी त्या वहीची किंमत कळते.

तुम्ही पैसे किती घेता?

घेत नाही. चहा चालतो.

मोर दिसेल का?

ओरडणं बहुधा ऐकू येईल. दिसायला हवा असेल तर सातच्या आत वर पोचा, तिसापेक्षा कमी असा आणि पहिली वीस मिनिटं कुणीही बोलू नका. पावसाळा सरता सरता पिसं गळालेली सापडतात. ती बघा, मोजा, आणि तिथेच ठेवून या. मागच्या खेपेला पिसाजवळ बसून एका मुलाने त्यातले रंग लिहायला घेतले, अकरावर अडला आणि म्हणाला, 'उन्हात फिरवलं की बारावा येतो.'